गणपतीच्या तोंडावर गॅरेजात

२२ ऑगस्ट २०२५, शुक्रवार
मिऱ्या गावातली गाडी. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला, मधूनच एबीएसचा, मधूनच स्टिअरिंगचा. स्कॅनर लावला तर कोडांची रांगच, त्यात पी ०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी. एवढ्या वस्तू एकदम बिघडत नाहीत. अशा वेळी आधी बॅटरी आणि अर्थिंग बघायचं. बॅटरी १२.६ दाखवत होती, म्हणजे चांगली भरलेली. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर धरली आणि पोराला सेल्फ मारायला सांगितलं. पाव व्होल्टच्या आत राहायला हवं तिथे सव्वा व्होल्ट! अर्थिंगची वायर वरून धडधाकट, पण बोल्ट काढला तर खाली हिरवट-पांढरा थर. दारात समुद्र, गाडी बारा महिने उघड्यावर, त्यात हा पावसाळा. पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, आवळलं, वरून ग्रीस. कोड पुसले, लांब चक्कर मारून आणली. एकही परत आला नाही आणि एकही पार्ट विकत घ्यावा लागला नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार
चाकरमानी यायला लागले. मुंबईहून रात्रभर आलेलं कुटुंब, मागच्या सीटवर मखराचं सामान. "दादा, हायवेला काटा अर्ध्यावर असतो, ट्रॅफिकमध्ये अडकलो की लालकडे जातो." निम्मं निदान त्यांनीच केलं होतं. गाडी पळते तेव्हा रेडिएटरला वारा मिळतो, रांगेत उभी राहिली की सगळी भिस्त फॅनवर. इंजिन गार होईपर्यंत झाकणाला हात लावू दिला नाही. कूलंट पुरेसा होता. फॅनला थेट करंट दिला, फिरला. रिले उपटला तर एक पाय जळून काळा.

२६ ऑगस्ट, मंगळवार
निवळी घाटातून फोन. "तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागलाय, घर दहा किलोमीटरवर आहे, हळूहळू येऊ का?" नाही. आत्ताच्या आत्ता इंजिन बंद. पिवळा दिवा लागला तर सहसा गाडी जपून गॅरेजपर्यंत आणता येते, पण हा दिवा लागला म्हणजे ऑइलचं प्रेशर गेलं, बेअरिंग काही मिनिटांत खलास. टो करून आणली. फिल्टर नीट आवळलेला नव्हता, ऑइल रस्ताभर सांडलं होतं. इंजिन वाचलं.

३० ऑगस्ट, शनिवार
पी ०१७१. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. दुसरीकडे कुठेतरी ऑक्सिजन सेन्सर बदलून दिला होता, दिवा चार दिवसांत परत. राग येतो अशा कामाचा. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. कोड त्रास कुठे जाणवतो ते सांगतो, कुठला पार्ट फेकायचा ते सांगत नाही. भारतात हे कोड देणारी ओबीडी-टू यंत्रणा २०१३ पासून सक्तीची आहे. इतक्या वर्षांनी हे तरी कळायला हवं.

गिऱ्हाईक म्हणालं, "दिवा तेवढा घालवा." कोड पुसला की बिघाडाच्या क्षणाची नोंद, वेग, तापमान, आरपीएम, सगळं जातं. आधी ते वहीत उतरवलं. मग फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडी पेट्रोल किती टक्के वाढवून देतेय ते, पाहिला: आयडलला अधिक २४, अडीच हजार आरपीएमला अधिक ६. म्हणजे एअर फ्लो सेन्सरच्या पुढे कुठेतरी चोरून हवा शिरतेय. बॅटरी उचलली तर खालच्या व्हॅक्यूम पाइपला उंदराने कुरतडलेलं अर्धगोल भोक, शेजारी लेंड्या. पाइप बदलला, आयडलला ट्रिम अधिक ३. जुना सेन्सर गिऱ्हाइकाने डिकीत ठेवला होता; तो चांगला आहे, टाकू नका म्हटलं.