परकराचं बक्कल

"ताई, कल्पना चांगली आहे, पण तो परकर बाजूला ठेवा. हेच बक्कल शाळेच्या दप्तराला लावून आणा, मग बघू." नाशिकच्या एका स्पर्धेत परीक्षकांनी मला हे ऐकवलं, त्याला आता बराच काळ लोटला. तरी मशीनवर परकराचा नेफा शिवायला घेतला की ते वाक्य कानात येतं आणि पायडलवरचा पाय थांबतो.

मी ओझरची, म्हणजे लग्न होऊन इथे आलेली. सासरे मिग विमानांच्या कारखान्यात होते. १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आला आणि गावाचं नावच 'ओझर मिग' होऊन गेलं, हे नाशिककरांना सांगायला नको. मी घरी शिवणकाम करते: ब्लाउज, परकर, फॉल-पिको. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक टाउनशिपमधल्या बायका आणि दुसऱ्या द्राक्षबागांत कामाला जाणाऱ्या. पेठ-सुरगाण्याकडून छाटणीला, विरळणीला, खुडणीला येतात त्याही हंगामात कापड घेऊन येतात.

कमरेचं माप घेताना शिंपिणीला जे दिसतं ते डॉक्टरलाही सहसा दिसत नाही. कमरेभोवती काळा वळ जवळजवळ प्रत्येकीला असतो. कुणाचा नुसता काळवंडलेला, कुणाचा खरखरीत, साल निघालेला. बागेत काम करणाऱ्या एका मावशींच्या उजव्या कुशीत तर ओली जखम होती, हळद दाबून भरलेली. "नाडी काचती बाई, दुसरं काय," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, जरा सैल बांधा. त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते अजून आठवतं. "सैल बांधली तं लुगडं कशावर राहील? दोन्ही हात वर मांडवात, घडाला. निऱ्या सुटल्या तं सावरायच्या कोणत्या हातानं?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. साडेपाच मीटरच्या साडीचं ओझं, निऱ्या, पदराची ओढ हे सगळं त्या अर्ध्या बोटाच्या नाडीवर लटकलेलं असतं. बाई वाकते, उठते, टोपली उचलते. प्रत्येक वेळी नाडी त्याच जागी घासते. खाली घाम, वर मुंबईपेक्षा कोरडं ऊन. गाठ जिथे येते तिथे तर खड्डाच पडतो.

हे नुसतं खरूज-खाजेचं प्रकरण नाही हे मला पुढे कळलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकीकत छापली. एक सत्तर वर्षांची. तिच्या कुशीतली जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसरी साठी उलटलेली. ती परकर न घालता लुगडंच वर्षानुवर्षं कमरेला घट्ट कसत आलेली. दोघींच्याही जखमेत त्वचेचा कर्करोग निघाला. दुसरीचा तर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. अशा रोग्यांच्या नोंदी आपल्या देशात त्याआधीही झाल्या होत्या, धोतराच्या घट्ट गाठीमुळे झालेल्याही. प्रत्येक काळ्या वळाचा कर्करोग होत नाही, हे इथेच सांगते, कुणी घाबरून जाऊ नये. पण ते वाचलं तेव्हा माझं बक्कल करून झालं होतं, आणि त्या परीक्षकांवरचा माझा राग दुप्पट झाला.

बक्कल करायचं ठरलं ते शेजारच्या काकांमुळे. काका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. मी नाडीऐवजी दीड इंची सुती नवार घातलेला परकर शिवत होते. ताण तेवढाच राहिला तरी तो रुंद पट्टीवर पसरतो, म्हणून काचत नाही, इतकं मलाही कळत होतं. अडत होतं ते बांधण्यापाशी. नवारीची गाठ बसत नाही, आणि बसलीच तर लिंबाएवढी होते. काकांनी नवार हातात घेतली, ओढून पाहिली आणि म्हणाले, "वैमानिकाचे पट्टे गाठीनं बांधतात का?"

मग त्यांनी मला सरकत्या दांड्याचं बक्कल समजावलं. एक चौकट, तिच्यात मागेपुढे सरकणारा एक दांडा, नर्लिंग केलेला, म्हणजे अंगावर बारीक खाचा असलेला. पट्टा दांड्याला वळसा घालून परत चौकटीतून बाहेर येतो. पट्ट्यावर ताण आला की दांडा चौकटीच्या कडेवर दाबला जातो आणि मधे पट्टा चिमटला जातो. जितकी ओढ जास्त, तितकी पकड घट्ट. सोडायचं तर चौकट अंगठ्याने थोडी तिरपी करायची, दांडा मागे येतो, पट्टा सुटतो. पॅराशूटच्या पट्ट्यांना अशी बक्कलं कितीतरी वर्षांपासून असतात. मला आश्चर्य वाटलं ते याचं की इतकी साधी गोष्ट आमच्या गावात, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, लोकांच्या रोजच्या हाताखालची होती, आणि तिच्यातलं काहीही कधी बाईच्या कमरेपर्यंत आलं नव्हतं. आकाशात जाणाऱ्या माणसाच्या पट्ट्याचा एकेक टाका तपासतात. लाखो बायका रोज पहाटे बांधतात त्या पट्ट्याचा विचार कुणाच्या टेबलावर आलाच नाही.

पितळेचं केलं. घामाने हिरवं पडलं आणि पांढऱ्या परकराला डाग लागले. बाजारातलं चकचकीत मुलामा दिलेलं लोखंडी बक्कल लावून पाहिलं. मुलामा उडाल्यावर गंज, आणि त्याआधीच दोघींना तिथे खाज सुटली. तो मुलामा निकेलचा असतो आणि निकेल पुष्कळांच्या कातडीला सोसत नाही. युरोपीय संघाने अंगाला लागणाऱ्या वस्तूंमधल्या निकेलवर १९९४ सालीच निर्बंध मंजूर केले. आपल्याकडे बायका खाजवत बसतात. दप्तराचं प्लास्टिकचं बक्कल इस्त्रीखाली वितळलं, आणि इस्त्री न करणाऱ्यांचं धोपाटण्याखाली फुटलं. कपडे दगडावर धोपटून धुतले जातात हे बक्कल करणाऱ्या कारखान्यांना माहीतच नसावं. मी म्हटलं, धुताना पट्टी नेफ्यातून काढून घ्या. सगळ्यांचं उत्तर एकच आलं: रोज काढायची आणि रोज ओवायची, एवढा वेळ कुणाला आहे? म्हणजे धोपाटणं सोसेल असंच बक्कल हवं होतं.

फुटलेले तुकडे काकांनी भिंगाखाली धरले. प्रत्येक चीर चौकटीच्या आतल्या टोकदार कोपऱ्यातून निघाली होती. "कोपरा टोकदार ठेवला की सगळा ताण तिथेच गोळा होतो," ते म्हणाले, आणि मला १९५४ साली पडलेल्या कॉमेट विमानांची गोष्ट सांगितली. हवेच्या दाबाने फुगून-आकसून त्यांच्या पत्र्याला अशाच कोपऱ्यांपाशी चिरा गेल्या होत्या. तेव्हापासून आमच्या बक्कलाचा आतला कोपरा गोल झाला. शेवटी स्टेनलेस स्टीलची पातळ चौकट, कमरेच्या गोलाईला हलकीशी वाकवलेली, आणि तिच्याखाली अंगाला लागू नये म्हणून कापडाची जिभली. पाठीमागे वितभर इलॅस्टिक, खाली बसताना पट्टीने थोडं द्यावं म्हणून. पट्टीचं टोक दुमडून शिवलेलं, त्यामुळे ती बक्कलातून कधीच पूर्ण निघत नाही, ओवावी लागत नाही. परकरात पाय घालायचे आणि टोक ओढायचं, झालं.

टोक एका हाताने ओढता येतं, याचा मोठेपणा मला कळला नव्हता. टाउनशिपमधल्या एका निवृत्त शिक्षिकेला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, उजवा हात निकामी. त्यांची नाडी रोज सकाळी त्यांचे यजमान बांधून देत. यजमान बाहेरगावी असले की त्या दिवसभर गाऊनमध्ये दार लावून बसायच्या. मी परकर नेऊन दिला. त्यांनी डाव्या हाताने टोक ओढलं, अंगठ्याने सोडलं, परत ओढलं, परत सोडलं. यजमानांना म्हणाल्या, "तुम्ही बाहेर जाऊन बसा." इतकंच. मी रस्त्याला लागल्यावर रडले.

हा परकर घेऊन मी त्या स्पर्धेत गेले होते. टेबल मिळालं, वर नाव लावलं. शेजारी ठिबकचा व्हॉल्व्ह होता, कांदा प्रतवारीचं यंत्र होतं. परीक्षक प्रत्येक टेबलापाशी थांबले, वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहिली. माझ्या टेबलापाशी मात्र त्यांनी हात मागे बांधले. परकराला हात लावला नाही. मी नेफा उलगडून दाखवायला लागले तर एकाने खोली किती भरली आहे ते पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हे असं उघडं मांडू नका." मी कुठे काय उघडं मांडलं होतं? कोरा, इस्त्री केलेला, कुणी कधी न घातलेला सुती परकर होता. बागेतल्या मावशींच्या जखमेचं सांगायला सुरुवात केली तर दुसरे म्हणाले, "तो आरोग्य खात्याचा विषय." तिसऱ्यांनी विचारलं, "पाच रुपयांच्या नाडीला तीस-पस्तीस रुपयांचं बक्कल कोण लावणार?" मी म्हणाले, तुमच्या कमरेच्या पट्ट्याला किती पडले? त्यांनी उत्तर दिलं नाही. मग ते दप्तराचं वाक्य आलं.

दप्तराला बक्कल लावण्यात काही वाईट होतं का? नव्हतं. पण दप्तराला दुखणं नसतं. एवढंच मला तेव्हा म्हणायचं होतं, आणि ते मला सुचलं संध्याकाळी, पिंपळगावकडे जाणाऱ्या गाडीत. त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या घरी एक बाई असणार, आणि तिच्या कमरेलाही वळ असणार. तो त्यांनी पाहिला नसेल, किंवा पाहून त्याचा अर्थ लावला नसेल. जी गोष्ट कपड्याच्या आत असते तिची लाज बाईने बाळगायची, तिचं दुखणंही बाईने आतच ठेवायचं, आणि ती सुधारायला निघालं तर तेही असभ्य. ही रीत कुणी घातली ते मला ठाऊक नाही, पण ती मोडायला हवी. पुरुषांनीही आपल्या घरातल्या बायकांना सरळ विचारावं. विचारण्यात काहीही गैर नाही.

पेटंटचंही पाहिलं. सल्ला देणाऱ्या माणसाने आमची चौकट पाहून १९७० च्या पेटंट कायद्याचं तिसरं कलम काढलं. माहीत असलेल्या साधनांची नुसती वेगळी मांडणी केली, प्रत्येक साधन आपापलं जुनंच काम करत राहिलं, तर कायदा त्याला शोध मानत नाही. त्यानेच मला मार्क ट्वेनचं सांगितलं. त्या अमेरिकन लेखकाने डिसेंबर १८७१ मध्ये, सॅम्युएल क्लेमेन्स या खऱ्या नावाने, कपड्याच्या काढता-घालता येणाऱ्या, लहानमोठ्या करता येणाऱ्या पट्टीचं पेटंट घेतलं होतं. गॅलिसचा त्याला तिटकारा होता. अर्जात त्याने जाकिटं आणि विजारी लिहिल्या, आणि पट्टी लागणारे इतर कपडेही. टिकली ती पट्टी मात्र बायकांच्या अंतर्वस्त्राला, पाठीमागे, जिथे डोळ्यांना दिसत नाही आणि खांदा आखडला तर हात पोचत नाही. हा ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये मुंबईला आला होता, तिथून पुढे रेल्वेने अलाहाबादला गेला. जबलपूरकडे जाणारी ती वाट आमच्या निफाड तालुक्यातूनच जाते. पुरुषाच्या पोटावरच्या पट्टीचा विचार त्याने दीडशे वर्षांपूर्वी केला आणि सरकारने त्याच्यावर शिक्का मारला. हे ऐकून मला कौतुकही वाटलं आणि मत्सरही.

पेटंटचा नाद सोडला. काकांना आणि मला वाटलं, बरंच झालं, कुणीही करावं, जितकं पसरेल तितकं चांगलं. येणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगत होते. आणि मग एका आठवडी बाजारात आमच्यासारखाच परकर टांगलेला पाहिला. बक्कल निकेलच्या मुलाम्याचं, कोपरे टोकदार, खाली जिभली नाही. मला इतका संताप आला की विकणाऱ्याशी भांडले. तो बिचारा काय करणार, त्याने घाऊक माल आणला होता. कुणीही करावं म्हणणारी मीच, आणि कुणीतरी केलं तर मलाच सोसलं नाही. पण जिभलीशिवाय केलेलं ते बक्कल नाडीपेक्षाही जास्त काचतं, हे मला आजही म्हणायचं आहे.

नाडीला मी फार बोलले. तिची बाजूही सांगते. ती गंजत नाही, मोडत नाही, तुटली तर कापडाची किनार फाडून दुसरी होते. बागेतल्या त्या मावशींनी बक्कलाचा परकर हंगामभर वापरला, जखम भरली, आणि पुढच्या हंगामात त्या परत नाडी बांधून आल्या. म्हणाल्या, बक्कलाचा ठेवलाय, लग्नाकार्याला. मी वाद घातला नाही. नवार मात्र त्यांनी ठेवली आहे. तिच्याच टोकांना बारीक नाडी शिवून घेतली आणि गाठ बाजूला न घेता पोटावर, रोज जरा वरखाली बांधतात. माझ्या मनात आलं की बक्कलापेक्षा त्यांनीच काढलेली ही तोड अधिक चालणारी आहे. काकांना हे पटत नाही.

परकर शिवणाऱ्या सगळ्या जणींना माझी विनंती आहे: नेफा दीड-दोन इंची ठेवा आणि आत नाडीऐवजी नवार घाला. बक्कल लावणं जमत नसेल तर राहू द्या. लावायचं असेल तर ओझरला या, नमुना आणि मापं मी फुकट देते. आणि कमरेवरची जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही तर हळद भरत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.