सगळं ग्रीन आहे

दर शुक्रवारी संध्याकाळी मला एक एक्सेल भरावी लागायची. प्रोजेक्टचं स्टेटस. लाल, पिवळा, हिरवा, एवढे तीनच रंग. लीड झाल्यापासूनच्या चौदा महिन्यांत मी एकदाही लाल भरला नव्हता. लाल भरला की सोमवारी तीन वरिष्ठांचे फोन येतात, दोन जादा मीटिंगा लागतात आणि त्या मीटिंगांसाठी वेगळी पीपीटी करावी लागते. मूळ अडचण आहे तिथेच राहते. त्यामुळे बहुतेक लीड हिरवाच भरतात. आमच्या धंद्यात अशा प्रोजेक्टला ‘वॉटरमेलन’ म्हणतात. वरून हिरवा, आतून लाल.

हा शब्द मी हसत हसत वापरायचो. नंतर हसणं बंद झालं, त्याची ही गोष्ट.

हिंजवडीत फेज टूमध्ये आम्ही नऊ जण होतो. क्लायंट इंग्लंडमधली एक विमा कंपनी. तिचं क्लेमचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. तिकडे कुणाच्या घरात पाइप फुटला, कुणाची गाडी ठोकली गेली की तो माणूस फोन करायचा, आणि त्याची नोंद ज्या स्क्रीनवर व्हायची ती चालू ठेवायचं काम पुण्यातून व्हायचं. रोज रात्री एक बॅच जॉब चालायचा. दिवसभरात मंजूर झालेल्या क्लेमचे पैसे त्यातून बँकेकडे जायचे. तो जॉब नेमका कसा चालतो हे पूर्ण ठाऊक असलेली दोनच माणसं होती. एक आमची टेस्टर, सात वर्षं याच प्रोजेक्टवर असलेली. दुसरे तिकडचे एक वयस्कर अधिकारी. ‘हे फील्ड असं का आहे?’ असं विचारलं की ते कधीकाळी घडलेला किस्सा सांगायचे आणि त्या किश्शातच उत्तर असायचं.

मग ती विमा कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतली. आम्हाला ते इतरांसारखंच बातमीतून कळलं. दोन महिन्यांत ते अधिकारी लवकर निवृत्ती घेऊन गेले. शेवटच्या कॉलवर त्यांनी आमच्या प्रत्येकाचं नाव घेऊन आभार मानले, अगदी चार महिन्यांपूर्वी आलेल्या फ्रेशरचंही. नवीन व्यवस्थापनाचा नियम असा, की प्रश्न विचारायचा तर तिकीट टाका. दोन मिनिटांत मिळणारं उत्तर तीन दिवसांनी यायला लागलं, आणि बऱ्याचदा ते उत्तर म्हणजे उलट आणखी एक प्रश्न असायचा.

इकडे आमच्या कंपनीतही वर्षभरात तिसरा मॅनेजर आला. नव्या क्लायंटवर छाप पाडायची म्हणून त्याला टीममध्ये दोन माणसं वाढवायची होती. माणसं वाढवणं म्हणजे बिलिंग वाढवणं, कारण आमचं कंत्राट डोक्यामागे पैसे मोजणारं. मी त्याला फ्रेड ब्रुक्सचा हिशोब दाखवला. ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे त्यांचं पुस्तक 1975 सालचं, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, असं ते सांगतं. नऊ जणांत बोलण्याच्या जोड्या 36 होतात, अकरा जणांत 55. शिवाय नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जाणार. मॅनेजरने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “छान आहे. पीपीटीत टाक.”

ती दोन माणसं काही आली नाहीत. जानेवारीत एका बुधवारी त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं, तेव्हाच कळलं काहीतरी वेगळं आहे. नव्या मालकांना इतके व्हेंडर नको होते. आमचं कंत्राट पुढे वाढणार नव्हतं. काम दुसऱ्या कंपनीकडे जाणार आणि त्यांना केटी, म्हणजे कामाची सगळी माहिती, आम्हीच द्यायची. “अधिकृत मेल यायला तीन आठवडे आहेत,” तो म्हणाला. “तोवर टीमला सांगू नकोस. लोक पेपर टाकतील, सर्व्हिस घसरेल, क्लायंटला आयतं कारण मिळेल.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी मान डोलावली. त्या शुक्रवारी एक्सेलमध्ये हिरवा भरला.

नवव्या दिवशी टपरीवर आमच्यातला सगळ्यात धाकटा माझ्यासोबत आला. सांगोल्याचा पोरगा, ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, हा मात्र मला दादा म्हणायचा. चहा घेता घेता त्याने मोबाइलवर पुनावळ्यातल्या एका फ्लॅटचा प्लॅन दाखवला. वन बीएचके. वडील डाळिंबाच्या पैशातून दहा टक्के भरणार होते, बाकीचं कर्ज. मग त्याने विचारलं, “दादा, आपला प्रोजेक्ट टिकेल ना अजून वर्षभर तरी? म्हणजे मी भरून टाकतो.”

“टेन्शन नको घेऊस,” मी म्हणालो. “सगळं ठीक आहे.”

वाक्य इतकं सहज निघालं की माझा मलाच पत्ता लागला नाही. त्याने माझ्याही चहाचे पैसे दिले.

मेल आली तेव्हा त्याने दहा टक्के भरून करारही करून टाकला होता. टीम कॉन्फरन्स रूममध्ये बसली होती. मॅनेजर बोलत होता, ‘ट्रान्झिशन’, ‘नवीन संधी’ वगैरे. तो पोरगा काहीच बोलला नाही. संध्याकाळी बसच्या रांगेत माझ्याजवळ आला. “दादा, तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“बरं,” तो म्हणाला. तेवढंच. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढचे दहा आठवडे केटी चालली. टेस्टरने पहिल्याच दिवशी विचारलं, “आपली जागा घेणाऱ्यांना आपणच शिकवायचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरीही त्या रात्रीच्या बॅच जॉबवर तिने साठ पानांचं डॉक्युमेंट लिहिलं. त्या साहेबांनी सांगितलेले किस्सेसुद्धा त्यात होते. “पैसे कुणाच्या तरी घरच्या पाइपचे आहेत,” एवढंच म्हणाली. पलीकडच्या टीमचा लीड कोलकात्याचा. एकदा कॉल संपल्यावर सगळे निघून गेले तरी तो थांबला आणि विचारलं, “तुम्ही किती जण हे चालवता?” मी नऊ म्हणालो. तो बराच वेळ गप्प होता. त्याला पाच जणांत चालवायला सांगितलं होतं, आणि ते त्याने अजून टीमला सांगितलं नव्हतं.

मार्चअखेर आम्ही पांगलो. एकाने राजीनामा दिला, बाकी बहुतेकांना दुसरे प्रोजेक्ट मिळाले. सांगोल्याचा पोरगा दोन महिने बेंचवर बसला आणि मग त्याला चेन्नईचा प्रोजेक्ट आला. बेंचवरून आलेल्या प्रोजेक्टला नाही म्हणायची सोय नसते. तिकडे खोलीभाडं, इकडे फ्लॅटचे हप्ते.

नंतर अनेक महिने मी स्वतःला एकच सांगत राहिलो: मला मनाई होती, मी काय करणार? खरं सांगायचं तर त्या टपरीवर माझ्यापुढे गुपित फोडणं आणि खोटं बोलणं असे दोनच रस्ते नव्हते. “मला सगळं सांगता येणार नाही, पण मोठा खर्च महिनाभर थांबव,” एवढं म्हणता आलं असतं. त्याला अंदाज आला असता, कदाचित त्याने चौघांना सांगितलं असतं, एखाद्याने पेपरही टाकला असता. पण तो धोका कंपनीचा होता, थोडा माझ्या अप्रेझलचा. मी तो उचलून एका डाळिंबाच्या बागेवर टाकला. आणि वर, टीमला सांभाळतोय असं मला वाटत होतं.

आता दुसरी टीम आहे, दुसरा क्लायंट. गेल्या महिन्यात तिकडचा आयटी हेड बदलला. शुक्रवारच्या टीम मीटिंगमध्ये मी बोर्डवर तीन रकाने आखले: माहीत आहे, माहीत नाही, माहीत आहे पण सांगता येत नाही. तिसऱ्या रकान्यात फक्त एक टिंब काढलं. खोली एकदम शांत झाली. मग एकीने विचारलं, “म्हणजे मी गाडी घेऊ की नको?” मी म्हणालो, “महिनाभर थांब.” त्या दिवशी एक्सेलमध्ये पिवळा भरला. सोमवारी फोन आले, अपेक्षेप्रमाणे तीन.

गेल्या दिवाळीत चेन्नईहून व्हॉट्सॲपवर एक फोटो आला होता. कच्चा जिना, सळया, खाली लिहिलेलं: ‘दादा, आपल्या मजल्याचा स्लॅब झाला.’ मी आधी अंगठा पाठवला. मग तो डिलीट करून फोन लावला.