दहा अंशांच्या वर

तारकर्लीत स्कूबा शिकलेली धाकटी बहीण आइसलँडच्या सिल्फ्रात उतरणार आहे. तिथलं पाणी 2 ते 4 अंश. भाईंदरहून स्वतःचा रेग्युलेटर न्यायचा म्हणाली. मी आडवा आलो.

टाकीतली 200 बारची हवा रेग्युलेटर श्वासाच्या दाबावर आणतो, तेव्हा ती पसरते आणि गारठते. मालवणचं कोमट पाणी त्याला ऊब देतं. 10 अंशांखाली आत बर्फ धरू शकतो आणि झडप उघडीच अडकते. हवा थांबत नाही, धो धो सुटते. बिघडतानाही श्वास देणारी ही रचना, कोड लिहिणारा म्हणून, मला फार आवडते. पण 40 मीटरवर दर श्वासाला पाचपट हवा लागते. तिथे टाकी मिनिटांत संपते.

तिच्या रेग्युलेटरवर युरोपीय शिक्का होता: '10 अंशांच्या वर'.

"तिथलाच भाड्यानं घेते, दादा."

आईला अजून सांगितलेलं नाही.