शंभरपैकी शंभर

ज्या कॉलला मी शंभरपैकी शंभर गुण दिले होते, त्याच कॉलमुळे एका आजींना डिस्चार्ज मिळूनही रुग्णालयात आणखी एक रात्र काढावी लागली. या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. घराबाहेर कुणाजवळ मी ती बोलले नव्हते. आज लिहिते आहे, कारण त्या चुकीच्या मुळाशी माझं एक मत होतं. ते मत मी अभिमानाने बाळगलं होतं आणि शेकडो मुलामुलींना शिकवलंही होतं.

आरोग्य विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या एका कंपनीच्या पुण्यातल्या कॉल सेंटरमध्ये मी काम करते. नव्या भरतीला शिकवायचं आणि रेकॉर्ड झालेले कॉल ऐकून त्यांना गुण द्यायचे, हे माझं काम. आमच्याकडे फोनवर दिवसभर अक्षरांचीच देवघेव चालते. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे आणि शेवटी पुन्हा एक अक्षर. बँकेच्या आयएफएससी कोडात अकरा खुणा, त्यातली पाचवी कायम शून्य, आणि तेच शून्य लोक हमखास ‘ओ’ म्हणून लिहून घेतात. एक अक्षर चुकलं की पैसे अडकतात. पैसे अडकतात तेव्हा समोरच्या घरात कुणीतरी आजारी असतं.

फोनवर अक्षरं का चुकतात हे मला नीट माहीत होतं. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही या सगळ्यांच्या नावात शेवटी एकच ‘ई’ उरतो, फरक असतो तो सुरुवातीच्या क्षणभराच्या आवाजात. जुन्या टेलिफोनच्या मापात साधारण 300 ते 3400 हर्ट्झपर्यंतचाच आवाज पलीकडे पोचतो. ‘एस’ आणि ‘एफ’ ज्या सिसकारीने वेगळे ओळखू येतात, ती बरीचशी त्या मापाच्या वर असते, म्हणजे वाटेतच गळते. ‘एम’ आणि ‘एन’ तर समोरासमोरही चुकतात. म्हणून अक्षराऐवजी अख्खा शब्द सांगायचा. शब्दाचा थोडा भाग गळला तरी उरलेल्यावरून तो ओळखता येतो.

आणि शब्द सांगायचे तर ते एकच, असं माझं ठाम मत होतं. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 1 मार्च 1956पासून लागू केलेली ही सव्वीस शब्दांची मालिका. जगभरचे वैमानिक तीच बोलतात. भारतात नोंदलेल्या प्रत्येक नागरी विमानाचं चिन्ह ‘व्हीटी’ने सुरू होतं, आणि मुंबईच्या आकाशात ते ‘व्हिक्टर टँगो’ असंच उच्चारलं जातं. मालिकेत ‘आय’साठी शब्द आहे ‘इंडिया’. वर्गात हे सांगताना माझा आवाज चढायचा. मॉन्ट्रियल विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ झाँ-पॉल व्हिने यांनी या शब्दांवर काम केलं, इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना ते पेलतील का हे पाहिलं गेलं. फ्रेंच माणसाने शेवटचा ‘टी’ गाळू नये म्हणून ‘ज्युलिएट’च्या स्पेलिंगला दुसरा ‘टी’ जोडला गेला. इतक्या निगुतीने घडवलेल्या शब्दांपुढे ‘पी फॉर पपई’ मला गबाळेपणा वाटायचा.

त्यामुळे मी नियम केला. अल्फा-ब्राव्हो सोडून दुसरा शब्द वापरला की चार गुण वजा. कऱ्हाडकडची एक मुलगी होती. ती ‘एस फॉर सातारा, के फॉर कोल्हापूर, एन फॉर नाशिक’ म्हणायची. तिचे कॉल शांत असायचे, माणसं तिचे आभार मानून फोन ठेवायची. मी तिच्या नावापुढे ‘अप्रमाणित शब्द’ असा शेरा तीन वेळा लिहिला. त्या महिन्याचा तिचा इन्सेन्टिव्ह गेला. ती मला एवढंच म्हणाली, “मॅडम, त्यांना कळतं ना पण.” मी तिला सांगितलं, प्रश्न कळण्याचा नाही, दर्जाचा आहे. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं होतं आणि तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी तो कॉल आला. चार मिनिटांचा. अकोले तालुक्यातल्या एका गावचे आजोबा बोलत होते. आजी तालुक्याबाहेरच्या एका रुग्णालयात दाखल होत्या, डिस्चार्जचा कागद झाला होता, कॅशलेस मंजूर होतं. विम्याच्या खिडकीवर द्यायला फक्त आमचा संदर्भ क्रमांक हवा होता. त्याचा एसएमएस मुलाच्या मोबाइलवर गेलेला, आणि मुलगा ट्रक घेऊन परराज्यात, फोन बंद. क्रमांकाची पहिली तीन अक्षरं होती एस, व्ही, क्यू. माझ्या हाताखाली तयार झालेल्या मुलाने स्वच्छ आवाजात सांगितलं, “सिएरा, व्हिक्टर, केबेक.” उच्चार मी शिकवला तसाच, प्रमाण. मग आकडे. मग, “नोट केलंत ना, सर?” पलीकडून आलं, “हो, हो.” सौजन्य, उच्चार, खातरजमा, सगळ्या रकान्यांत पूर्ण गुण देऊन मी पुढच्या कॉलकडे वळले.

चार दिवसांनी आजोबांच्या मुलाची तक्रार आली. खिडकीवरच्या माणसाने आजोबांच्या चिठ्ठीवरून क्रमांक टाकला होता, सी-व्ही-के. तो कुठेच सापडेना. विम्याची खिडकी संध्याकाळी बंद झाली. आजी ती रात्र तिथेच राहिल्या आणि त्या जादा रात्रीचं खाटेचं भाडं विम्यात बसलं नाही. आजोबांनी ते पदरचं भरलं.

मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. या खेपेला गुण द्यायचे नव्हते, म्हणून फक्त ऐकलं. चूक आमच्या मुलाची नव्हती आणि आजोबांचीही नव्हती. त्यांनी जे कानावर पडलं ते जसंच्या तसं देवनागरीत उतरवलं होतं. सियेरा, विक्टर, केबेक. ‘सियेरा’ कशाने सुरू होतो? ‘सी’ने. ‘केबेक’? ‘के’ने. ज्याने हे शब्द रोमन लिपीत कधी पाहिलेच नाहीत, त्याच्यासाठी यापेक्षा सरळ उत्तर नाही. मग मी संपूर्ण मालिका मराठी कानाने म्हणून पाहिली. ‘व्हिक्टर’ आणि ‘व्हिस्की’ दोन्ही ‘व्हि’ने सुरू होतात, एक ‘व्ही’ आणि दुसरा ‘डब्ल्यू’. ‘युनिफॉर्म’ ऐकून ‘वाय’ लिहावंसं वाटतं, ‘एक्स-रे’ ऐकून ‘ए’. ज्या शब्दांना मी संशयापलीकडचे मानत होते, ते स्पेलिंग आधीच पाठ असलेल्या माणसासाठी होते.

पण मला खरी लाज वाटली ती त्याच रेकॉर्डिंगमधल्या दुसऱ्या एका जागी. क्रमांकाच्या आधी आजींच्या नावाची पडताळणी झाली होती. नावाचं पहिलं अक्षर ‘भ’. पॉलिसीवर ते ‘बीएच’ होतं, रुग्णालयाच्या कागदावर नुसतं ‘बी’. मुलाने विचारलं, नक्की काय आहे? आजोबा म्हणाले, “भ. भटजीतला भ.” यात शंकेला जागाच नव्हती. पण आमचा मुलगा म्हणाला, “म्हणजे ब्राव्हो-होटेल, सर?” आजोबा थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं, साहेब.”

हे पहिल्यांदा ऐकताना मला काहीच खटकलं नव्हतं. दुसऱ्यांदा ऐकताना मी हेडफोन काढून ठेवला. ज्या माणसाला मी अक्षरं सांगायची रीत शिकवू पाहत होते, त्याच्याकडे ती शाळेपासून होती. क कमळातला, ग गणपतीतला, ण बाणातला, ळ बाळातला, ज्ञ ज्ञानेश्वरातला. श आणि ष यांचा घोळ झाला की ‘शेंडीफोड्या श’ आणि ‘पोटफोड्या ष’ म्हणायचं, हे माझ्या आईनेच मला शिकवलं होतं. ‘भ भटजीतला’ फोनवर चालतं, कारण मी आणि आजोबा दोघेही अंकलिपीच्या त्याच पानावरून शिकलो. शब्द दोन्ही घरांत आधीपासून होता. ‘सिएरा’ फक्त माझ्या घरात होता.

त्या आठवड्यात मी अल्फा-ब्राव्होचा इतिहास परत वाचला. माहिती तीच होती, या वेळी ती मला वेगळं सांगत होती. 1951 साली मालिकेचं पहिलं रूप आलं तेव्हा ‘सी’साठी ‘कोका’ होता, ‘एम’साठी ‘मेट्रो’, ‘एन’साठी ‘नेक्टर’, ‘यू’साठी ‘युनियन’ आणि ‘एक्स’साठी ‘एक्स्ट्रा’. ‘नेक्टर’ आणि ‘व्हिक्टर’ एकापाठोपाठ म्हणून पाहा. हे पाच शब्द वापरात नीट चालले नाहीत, तेव्हा ते बदलले आणि 1956ची मालिका झाली. म्हणजे ज्यांचं मी नाव घेत होते त्यांनी शब्द अडले तेव्हा शब्द बदलले, बोलणाऱ्यांचे गुण कापले नाहीत. आणि ती मालिका त्यांनी केली कुणासाठी? दोन्ही टोकांना शिकलेली माणसं असतील अशा कामासाठी. वैमानिकाने ती पाठ केलेली असते, मनोऱ्यातल्या नियंत्रकानेही. आजोबांशी असा करार आम्ही कधी केला होता?

आणखी एक गोष्ट वाचनात आली आणि कऱ्हाडकडच्या त्या मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. इटलीत लोक फोनवर अक्षरं सांगतात ती बहुतेक गावांच्या नावांनी. ‘ए’साठी आंकोना, ‘सी’साठी कोमो, ‘डी’साठी दोमोदोसोला. जर्मनीत पूर्वी माणसांची नावं वापरत. 1934 साली नाझींनी त्यातली डेव्हिड, नाथान, सॅम्युएल, झकारियास ही ज्यू वळणाची नावं काढून टाकली, नाथानच्या जागी ‘नॉर्डपोल’ म्हणजे उत्तर ध्रुव आणला. अक्षराचा तक्ताही कुणाला घरात घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं हे ठरवू शकतो. 2022 साली जर्मनीच्या मानक संस्थेने व्यवहारासाठी नवा तक्ता काढला, तो शहरांच्या नावांचा, आखेन आणि बर्लिनपासून सुरू होणारा. एका प्रगत देशाने विचारपूर्वक जे प्रमाण ठरवलं, तेच ती मुलगी आपल्या शहाणपणाने करत होती, आणि मी त्याला अप्रमाणित म्हटलं होतं. मी तिची माफी मागितली. नियम मागे घेतला. तिचा त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह मात्र मला परत मिळवून देता आला नाही. हिशेब बंद झाला होता.

अल्फा-ब्राव्हो मी टाकून दिलेलं नाही. रुग्णालयाच्या विमा विभागाशी, दुसऱ्या शहरातल्या आमच्याच कार्यालयाशी बोलताना आजही आम्ही तेच वापरतो, कारण तिथे दोन्हीकडे ते पाठ असतं. पण घरून फोन करणाऱ्या माणसाशी बोलताना आता पहिला नियम असा की शब्द त्याच्या ओळखीचा हवा. सातारा, नाशिक, मुंबई, पुणे, जालना. त्यातही पारख लागते. ‘व’ने सुरू होणारी गावं टाळायची, कारण वसई ‘व्ही’ने आणि वर्धा ‘डब्ल्यू’ने लिहितात. ‘डब्ल्यू’ला मदतीचा शब्द लागतच नाही, ते नाव दुसऱ्या कुठल्या अक्षरासारखं वाजत नाही. ‘क्यू’चा आकार सांगायचा, गोल आणि खाली शेपूट. शून्याला शून्यच म्हणायचं, आणि तो आकडा आहे, अक्षर नाही, हे वेगळं सांगायचं. नाव मराठीत विचारायचं, आणि समोरच्याने ‘भटजीतला’ म्हटलं तर ‘बीएच’ आपण लिहायचं. ते भाषांतर करण्याचा पगार आपल्याला मिळतो, त्यांना नाही.

आणि शेवटचा नियम खरं तर विमानांच्याच जगातला आहे. तिथे नियंत्रकाने दिलेली मंजुरी वैमानिकाला परत म्हणून दाखवावी लागते, आणि ती बरोबर आहे का हे नियंत्रकाने कान देऊन ऐकायचं असतं. मी त्या जगातून सव्वीस शब्द उचलून आणले होते आणि ऐकण्याचा हा भाग तिथेच सोडून आले होते. ‘नोट केलंत ना?’ या प्रश्नाला माणूस ‘हो’च म्हणतो. त्याला आपला वेळ घ्यायचा नसतो, आणि आपल्याला कळलं नाही हे कबूल करणं जड जातं. त्या ‘हो’ला मी पूर्ण गुण दिले होते.

आजींच्या डिस्चार्जनंतरच्या औषधांची बिलं पाठवायची होती, त्यासाठी तोच क्रमांक पुन्हा लागणार होता. तो फोन मी स्वतः केला. आधी घडल्या प्रकाराबद्दल माफी मागितली. आजोबा म्हणाले, “चुकायचंच हो, आम्हाला इंग्रजी कुठं येतं.” मी म्हटलं, “बाबा, तुमचं काही चुकलं नाही. चूक आमच्या सांगण्यात होती.” मग एकेक अक्षर सांगितलं. साताऱ्यातला एस. मग व्ही, इंग्रजीत विजय लिहिताना पहिला येतो तो, खाली टोक असलेला. मग क्यू, गोल आणि खाली शेपूट. आकडे सुटे सुटे, मराठीत. सांगून झाल्यावर म्हटलं, “आता तुम्ही मला वाचून दाखवा.”

पलीकडे कागद सरळ केल्याचा आवाज आला. त्यांनी आजींना चष्मा मागितला. मग सावकाश, शाळेत फळ्यासमोर उभं राहून म्हणावं तसं, त्यांनी वाचायला सुरुवात केली, “सातारा…” आणि मी माझ्या पडद्यावर बोट ठेवून त्यांच्यामागे एकेक अक्षर ताडून पाहत गेले.