पळतोस तू

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. नाशिकच्या मामांनी दोनदा फोन करून विचारलं, "काय रे, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे मामा. लेक शिकायला बंगळुरूला गेली, तिची खोली रिकामी झाली आणि त्या खोलीत मी स्टुडिओ थाटायला घेतला. त्यात सहा महिने गेले.

स्टुडिओ म्हटल्यावर लगेच काचेची खिडकी आणि लाल दिवा डोळ्यांसमोर आणू नका. दहा बाय दहाची खोली, एक जुना लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस (वहीएवढी लाल डबी, गिटार आणि लॅपटॉप यांच्यातला दुभाषा), एक माईक, हेडफोन आणि बायकोच्या माहेरून आलेल्या चार गोधड्या. एवढंच. सगळं मिळून एका बऱ्यापैकी फ्रीजच्या किमतीत बसलं. हे वाक्य बायको वाचणार आहे, म्हणून 'बऱ्यापैकी' हा शब्द विचारपूर्वक घातलाय.

हेतू साधा होता. कॉलेजात असताना मी चार गाणी केली होती. ती कुठेच नीट रेकॉर्ड झाली नाहीत. त्या काळी स्टुडिओचं तासाचं भाडं ऐकूनच आम्ही जिना उतरायचो. आता मात्र घरबसल्या होतं. तसं ते जमवणाऱ्यांनी आधीही जमवलंच होतं म्हणा. लेस पॉलने हॉलिवूडमधल्या आपल्या गॅरेजमध्ये बसून, एकावर एक गिटारी चढवत अख्खं गाणं उभं केलं होतं. ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या राहत्या घरी कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या यंत्रावर गाणी टिपली. ती फक्त कच्ची टिपणं होती, पण पुढे बँडबरोबर काही केल्या तो रंग येईना, म्हणून शेवटी तीच कॅसेट १९८२ साली 'नेब्रास्का' नावाने बाहेर आली. अशी उदाहरणं वाचली की आपल्यासारख्याला फार हुरूप येतो. आपण लेस पॉल नाही हे तेव्हा लक्षात येत नाही.

पहिला महिना आवाजाशी झगडण्यात गेला. गिटार वाजवताना खोली किती बोलते हे माईक लावेपर्यंत कळतच नाही. पाचवी तार, म्हणजे ए, छेडली की घुम्म... आणि बाकीच्या तारा अगदी शहाण्यासारख्या. मी तारा बदलल्या, माईक बदलण्याच्या बेतात होतो. मग जरा वाचल्यावर उलगडा झाला. ए तारेचा सूर ११० हर्ट्झचा. ११३ हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ बरोब्बर दहा फूट. म्हणजे माझ्या खोलीच्या दोन भिंतींत ती लाट अंगठीत खडा बसावा तशी बसते. त्यातून खोली चौरस, म्हणजे दुसऱ्या दोन भिंतींतही तेच. आणि मी खुर्ची टाकली होती कुठे, तर हौसेने खोलीच्या मधोमध, जिथे ही लाट सगळ्यात जास्त जोर करते! खुर्ची दोन फूट भिंतीकडे सरकवली आणि निम्मं दुखणं गेलं. फुकटात. गोधड्यांनी भिंतींचा चरचरीत प्रतिध्वनी खाल्ला. (अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायच्या भानगडीत कुणी पडू नका. दिसायला स्टुडिओ दिसतो, काम फारसं होत नाही, आणि आईने घरात पाऊल ठेवलं नसतं.) माईक गिटारच्या भोकासमोर धरला तर मडक्यात बोलल्यासारखं येतं. बाराव्या फ्रेटच्या समोर वीतभर अंतरावर ठेवला तर गिटार गिटारसारखी वाटते.

मग किर्र आवाज. तो फॅनच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा निघाला. फॅन बंद. एप्रिलमध्ये! मग शेजारच्यांचा कुकर, भंगारवाला, आणि जुलै लागल्यावर संध्याकाळी नदीकाठाकडून ढोल-ताशाच्या सरावाचा आवाज. त्याच्यापुढे गोधड्या काय करणार. रेकॉर्डिंगची वेळ शेवटी रात्री साडेअकराची ठरली.

आता मुद्द्यावर येतो. हे सगळं पार पडल्यावर मी पहिलं गाणं लावायला बसलो. रीपर नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. ज्याने विनॅम्प लिहिलं, त्याच जस्टिन फ्रँकलने पुढे हे सुरू केलं, हे कळल्यावर दुसरं काही बघितलंच नाही. आपल्या पिढीवर विनॅम्पचे उपकार आहेत. त्यात मेट्रोनोम असतो. टक-टक-टक-टक. हेडफोनमध्ये तो चालू ठेवायचा आणि त्याच्याबरोबर वाजवायचं. स्क्रीनवर उभ्या रेघा असतात, प्रत्येक ठोक्याला एक, आणि तुम्ही वाजवलेलं त्यांच्यावर डोंगरासारखं उमटत जातं.

माझे डोंगर रेघांच्या आधी उमटत होते.

सुरुवातीला थोडेसेच. कडव्याच्या मध्यावर जरा जास्त. ध्रुवपदाला तर डोंगर एकीकडे नि रेघ दुसरीकडे.

मी अर्थातच यंत्राला दोष दिला. यंत्राचा दोष असूही शकतो बरं का! आवाज इंटरफेसमधून लॅपटॉपात जाऊन परत कानात यायला वेळ लागतो. बफर नावाची एक सेटिंग असते, ती माझी १०२४ वर होती, म्हणजे जाताना सुमारे २३ मिलिसेकंद नि येताना तेवढेच. हवेतून आवाज एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, तेव्हा हे म्हणजे स्वतःची गिटार पंधरा मीटर लांबून ऐकल्यासारखं झालं. असं वाजवताना कोण धडपडणार नाही? बफर १२८ वर आणला. मग तर इंटरफेसवरचं बटण दाबून गिटार थेट कानात घेतली, लॅपटॉपला वळसाच नाही. पुन्हा वाजवलं.

डोंगर रेघांच्या आधी. उरलेलं कारण एकच होतं, आणि ते खुर्चीत बसलं होतं.

"पळतोस तू." हे वाक्य मी याआधी एकदा ऐकलं होतं. १९९८ च्या डिसेंबरात, कॉलेजच्या गॅदरिंगनंतर, गाड्या लावतात तिथे. बोलणारा आमचा ड्रमर. आम्ही माझंच गाणं वाजवलं होतं, आणि शेवटाला त्याचा ठेका एकीकडे नि माझी गिटार दुसरीकडे होऊन सगळं विस्कटलं. समोर हजारभर पोरं. हुर्यो झाली. खाली आल्यावर तो म्हणाला, "पळतोस तू. आणि तुला ते ऐकूच येत नाही." मी म्हणालो, "तुझेच हात जड आहेत." अजूनही काहीबाही म्हणालो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. बँड तिथेच संपला. पुढे तो न्यू जर्सीला गेला. भांडण असं राहिलं नाही, पण बोलणंही राहिलं नाही. ग्रुपवर वाढदिवसाला केकचं चित्र, एवढंच. इतकी वर्षं ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्यात त्याचेच हात जड होते. आमच्या घरातल्या निम्म्या मंडळींनी ती ऐकली असेल.

त्या कार्यक्रमाची कॅसेट माझ्याकडे होती. माळ्यावर, दिवाळीच्या माळांच्या खोक्यात. जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला, त्याच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून इंटरफेसला लावली, आणि गाणं लॅपटॉपात घेतलं. भिंतीआडून आल्यासारखं ऐकू येतं, मध्ये कुणाची तरी शिट्टी आहे. पण ड्रम आणि गिटार दोन्ही कळतात. चार ठोक्यांचा एक तुकडा निवडला की सॉफ्टवेअर त्याची लय सांगतं. सुरुवातीला मिनिटाला ११२. पहिल्या कडव्यानंतर ११५. शेवटच्या ध्रुवपदाला १२४.

मी एक शेवटची पळवाट शोधली. टेपरेकॉर्डरचा बेल्ट! जुनं यंत्र, मध्येच वेग वाढला असेल. पण इथेही अडचण अशी की कॅसेट वेगात फिरली तर लय वाढते तसा सूरही चढतो. ट्यूनरवर पाहिलं. पहिली कॉर्ड आणि शेवटची कॉर्ड, सूर तोच. बेल्ट निर्दोष सुटला.

मग मी ते गाणं नुसतं ऐकलं. हेडफोन लावून, रात्री, दिवे मालवून, पाच-सहा वेळा. जिथे लय वाढते तिथे प्रत्येक वेळी गिटार आधी सुटते. एफ कॉर्डच्या जागी तर हमखास. ती कॉर्ड मला तेव्हा जड जायची, ती एकदाची पकडली की सुटकेच्या आनंदात हात पुढे पळायचा. आणि प्रत्येक वेळी ड्रम एखादा ठोका थबकतो, मला मागे खेचायला बघतो, मी येत नाही हे कळतं, आणि तोच पुढे येऊन मला सामील होतो. तीन मिनिटांत किती वेळा! तो त्या दिवशी गाणं वाजवतच नव्हता, माझ्यामागे धावत होता. हे समोरच्या पोरांना कळलं नसेल, पण मला तरी कळायला हवं होतं. मी त्याच्यापासून चार फुटांवर उभा होतो.

पत्र लिहायला बसलो तर दोन दिवस काही सुचेना. शेवटी कॅसेटचा तो तुकडा त्याला पाठवला आणि खाली लिहिलं, "तू म्हणाला होतास ते बरोबर होतं. मोजून बघितलं. ११२ ते १२४." बाकी काही लिहिलं नाही. स्टुडिओत मेट्रोनोमबरोबर वाजवलेली त्याच गाण्याची नवी गिटारही जोडली. सहा महिने रोज अर्धा तास टक-टक करून ती बरीचशी रेघांवर आणली होती. जमलं तर त्याने वर ड्रम वाजवावेत, असं मनात होतं. लिहिलं मात्र नाही.

दोन निळ्या टिका. चार दिवस काही नाही. तुम्हाला सांगतो, त्या चार दिवसांत मी स्टुडिओत गेलोच नाही.

पाचव्या दिवशी पहाटे फोन आला. तिकडे रात्र होती, तो तळघरात ड्रमवर बसून बोलत होता, मागे झांजेचा बारीक आवाज येत होता. इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. म्हणाला, "शेवटच्या दोन ओळी नीट ऐकल्यास का?"

म्हटलं, "ऐकल्या की. विस्कटलंय ते."

"विस्कटलं नाही. मी हात काढून घेतला. मुद्दाम. म्हटलं, पळ, बघू एकटा किती पळतोस. सगळ्यांसमोर." जरा थांबला. "तू जड हातांबद्दल बोललास तेव्हा मला वाटलं तुला ते कळलंय."

मला ते कळलं नव्हतं. तोवर पाच-सहा वेळा ऐकूनही नव्हतं. मी फोन धरून नुसता बसून राहिलो. मग दोघेही एकदम काहीतरी बोलायला गेलो, आणि दोघेही थांबलो.

"आणि ती नवी गिटार पाठवलीयस ना," तो म्हणाला, "ती काही खरी नाही. शाळेत कवायत करतात तशी वाटते. क्लिक बंद कर आणि परत वाजवून पाठव."

"अरे, पण मी पुन्हा पळेन."

"पळ रे गाढवा. मी येतो मागनं."

तर सध्या क्लिक बंद करून वाजवतोय. वाटतं तेवढं सोपं नाही ते, इतक्या टकटकीनंतर कान उगाच तिची वाट बघत बसतो. काल रात्रीची खेप बरी झाली होती, नेमका शेवटी खाली कुत्रा भुंकला. आज पुन्हा बसेन साडेअकराला, फॅन बंद करून.