हिरवी टिक लावून द्या

बहादरपुरात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. बुऱ्हाणपूर शहर इथून हाकेच्या अंतरावर, आणि रावेरच्या बाजूला महाराष्ट्राची हद्दही फार लांब नाही. घरात मराठी, बाजारात हिंदी, स्क्रीनवर इंग्रजी असा आमचा कारभार. कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की दुकानात एकच मागणी असते, "भाऊ, एवढी हिरवी टिक लावून द्या." ई-आधार किंवा उत्पन्नाचा दाखला डाउनलोड केला की सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं, आणि खिडकीवरचा माणूस तेवढ्यासाठी कागद परत करतो.

मी सहीवर राइट क्लिक करतो, सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट उघडतो, ते विश्वासातल्या यादीत टाकतो आणि सही पुन्हा तपासायला लावतो. टिक उगवते. पण ती सरकारने लावलेली नसते. माझ्या कॉम्प्युटरने, माझ्या सांगण्यावरून लावलेली असते. तीच फाइल शेजारच्या दुकानात उघडली की प्रश्नचिन्ह परत हजर. सहीनंतर फाइलमधला आकडा कुणी बदलला असेल तर टिक येत नाही, हा तिचा खरा उपयोग. मात्र एखाद्याने अख्खा दाखलाच खोटा बनवून स्वतःच्या सर्टिफिकेटने सही केली, आणि मी तेही डोळे झाकून यादीत टाकलं, तर तिथेही तितकीच हिरवी टिक उगवेल. छापलेल्या कागदावरच्या टिकेबद्दल तर बोलायलाच नको. हे मी पोरांना सांगून पाहिलं. त्यांना प्रवेश हवा असतो, व्याख्यान नको.

बुऱ्हाणपुरात मुघलांची टांकसाळ होती. रुपयावर गावाचं नाव ठोकलेलं असायचं, तरी सराफ तो पारखूनच घ्यायचा. ब्राउझर हा तसा सराफच आहे. सव्वाशे-दीडशे मूळ सर्टिफिकेटांची यादी त्याच्याकडे आधीपासून असते. बँकेची साइट उघडली की हिचं सर्टिफिकेट कुणी दिलं, त्याला अधिकार कुणी दिला, असं वर चढत तो मुळापर्यंत जातो. मूळ यादीत सापडलं तर गप्प बसतो, नाही तर इशाऱ्याचा पडदा टाकतो. आपण हाताने एखादं मूळ सर्टिफिकेट इन्स्टॉल करतो, तेव्हा या सराफाला बजावतो की यापुढे हा ठसाही खरा धर, विचारू नकोस.

असं बजावण्याची वेळ रास्त कारणानेही येते. जीएसटी १ जुलै २०१७ला आला. साध्या लूमवाल्याचं ओटीपीवर भागतं, पण कंपन्यांना डिजिटल सही लागते, आणि सहीची चावी असते यूएसबी टोकनमध्ये, आमच्या भाषेत डोंगलमध्ये. वेबपानाला डोंगलला थेट हात लावता येत नाही. पूर्वी जावाची वाट होती. ती क्रोमने २०१५मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७मध्ये बंद केली. आता एमसायनर नावाचा छोटा प्रोग्राम कॉम्प्युटरमध्येच बसून १५८५ क्रमांकाच्या पोर्टवर वाट पाहतो. त्याचं सर्टिफिकेट ब्राउझरच्या यादीत नसतं, म्हणून पत्त्याच्या जागी १२७.०.०.१:१५८५ टाकून 'अॅडव्हान्स्ड', मग 'प्रोसीड' दाबावं लागतं. १२७.०.०.१ म्हणजे हाच कॉम्प्युटर, तेव्हा इथे फारशी भीती नाही. पण या एका अपवादाने माझ्या गिऱ्हाइकांना कुठलाही इशारा आला की 'प्रोसीड' दाबायची खोड लागली. शिकवणारा मीच.

खरं तर पुष्कळदा दुखणं अगदी किरकोळ असतं. मदरबोर्डवरचा सेल संपतो, घड्याळ कुठल्या तरी जुन्या वर्षात जाऊन बसतं, आणि त्या तारखेला कुठलंच सर्टिफिकेट लागू नसतं. सेल बदलून तारीख नीट केली की पडदा जातो.

माझ्या हातूनही चूक झाली आहे. टेंडरची शेवटची तारीख, संध्याकाळचे पाच, ठेकेदार डोक्यावर उभा. मी कुठल्याशा साइटवरून 'ऑल इन वन' झिप उतरवली आणि तिच्यातली सगळी सर्टिफिकेटं 'ट्रस्टेड रूट'मध्ये ओतली. टेंडर वेळेत गेलं. काही महिन्यांनी यादी उघडली तर त्यात तीन नावं अशी, की ती कुणाची हे मला आजही सांगता येणार नाही. तोवर त्याच मशीनवर ठेकेदाराची बँक चालत होती. घात झाला नाही, हे त्याचं नशीब.

नशीब म्हणतो, कारण सरकारी ठसाही चुकतो. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली सीसीए, म्हणजे कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज, हे सगळ्यांचं मूळ. २ जुलै २०१४ला गूगलच्या लक्षात आलं की त्याच्या पत्त्यांसाठी भलतीच सर्टिफिकेटं निघाली आहेत. ती निघाली होती सीसीएच्या छत्राखालच्या एनआयसीकडून, म्हणजे सरकारच्याच संगणक-संस्थेकडून. सीसीएचं मूळ विंडोजच्या यादीत होतं, त्यामुळे विंडोजवर इंटरनेट एक्सप्लोरर फसला असता. फायरफॉक्सची यादी वेगळी, तिच्यात हे मूळ नव्हतंच. दुसऱ्याच दिवशी सीसीएने एनआयसीची मधली सर्टिफिकेटं रद्द केली. पुढे क्रोमने सीसीएचा शब्द जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन अशा मोजक्या पत्त्यांपुरताच मानायचा ठरवला. कझाकस्तानात २०१९च्या जुलैत सरकारनेच लोकांना एक सर्टिफिकेट फोनवर आणि कॉम्प्युटरवर टाकायला सांगितलं, म्हणजे मधे बसून सगळं वाचता यावं. ऑगस्टमध्ये गूगल, मोझिला आणि अॅपलने ते आपापल्या ब्राउझरमध्ये अडवलं. तिथला सामान्य माणूस माझ्या ठेकेदारासारखाच असणार; कुणी टाक म्हणालं, त्याने टाकलं.

आणि पंचायतीचं काय सांगू! ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पंचायतीचे पैसे काढायला दोन डोंगल लागतात, सचिवाचं आणि सरपंचाचं. एकाने मांडायचं, दुसऱ्याने तपासून सही करायची. व्यवस्था उत्तम आहे. पण दोन्ही डोंगल एकाच ड्रॉवरमध्ये आणि पिन त्यांच्यावरच्या चिकटपट्टीवर लिहिलेले, हे मी स्वतः पाहिलं आहे. कुठे ते सांगणार नाही. सरपंचबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "ते कॉम्प्युटरवाले भाऊच बघतात." अहो ताई, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४२व्या कलमानुसार ही चावी सांभाळणं तुमच्याकडे आहे, कॉम्प्युटरवाल्या भाऊकडे नाही.

तेव्हा वाचकहो, व्हॉट्सअॅपवर आलेलं सर्टिफिकेट टाकू नका. टाकणं भागच असेल तर ते देणाऱ्या कार्यालयाच्या साइटवर छापलेला ठसाक्रमांक आधी जुळवून घ्या; त्याला फिंगरप्रिंट म्हणतात. आणि नवं डोंगल बहुधा १ ते ८ या आकड्यांच्या पिनसह येतं. तो पिन आजच बदला, आणि मलाही सांगू नका.