एरंडोल ते पारोळा, व्हाया पेट्रोल पाइप

जळगाव ते धुळे, नव्वदेक किलोमीटर. चौपदरी हायवेवर एसी लावून कुणीही दीड-दोन तासांत पोचतं. आम्हाला सात तास लागले.

कारण आमची फियाट. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, १९८९ चं मॉडेल, पण घरात तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आलेली ही गाडी पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही बंद झाली. आमची मात्र जळगावच्या अंगणात ताडपत्रीखाली उभीच. शेवटी धुळ्यात गिऱ्हाईक मिळालं. दुपारी तीनला गाडी दाखवायची होती. मी पुण्याहून रजा काढून आले होते. बाबा सकाळपासून गप्प.

अकराला निघालो. गिरणेचा पूल, पाळधी, सगळं मस्त. मे महिना होता. आमच्याकडे पारा ४४ वर जाणं ही काही बातमी नसते. एरंडोलला चहाला थांबलो आणि परत आलो तर स्टार्टर फिरतोय, गाडी ढिम्म.

‘व्हेपर लॉक,’ बाबा म्हणाले. दिवसातला त्यांचा पहिला शब्द!

फंडा सोपा आहे. तुमच्या-माझ्या आजच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो, तो पेट्रोल पुढे ढकलतो. फियाटचा पंप इंजिनवर, तो टाकीतून पेट्रोल ओढतो. गाडी उभी राहिली की तापलेल्या इंजिनाची धग पंपाला लागते, पेट्रोलची वाफ होते. पंप बनलाय द्रवासाठी. वाफेचे बुडबुडे तो नुसतेच दाबत बसतो. कार्बोरेटर उपाशी. उपाय? पंपावर ओलं फडकं आणि वीस मिनिटं धीर. दुसरी गोष्ट माझ्याकडे नव्हती. माझी ओढणी भिजवली. गाडी चालू!

दहा किलोमीटरवर पुन्हा बंद. मी परत बाटली काढली, पण बाबा मान हलवत होते. ‘चालत्या गाडीत, वारा लागत असताना? पटत नाही.’ त्यांनी टाकीचं झाकण उघडून कान लावला. झाकणाचं भोक बुजलं असतं तर आत निर्वात होऊन फुस्स आवाज आला असता. नाही आला. मग तीसच्या स्पीडने, धापा टाकत पारोळा गाठलं. साठला नेली की गचके, तीसला ठीक. म्हणजे पेट्रोल येत होतं, पण पुरेसं नाही.

पारोळ्याच्या मेकॅनिकने दोन मिनिटं आवाज ऐकला. ‘गाडीले धाप लागी ऱ्हायनी, काका.’ अहिराणीत निदान अर्धं तिथेच झालं. मग त्याने चक्क सलाईन लावलं! बॉनेटवर उंच पेट्रोलची बाटली टांगून नळी थेट कार्बोरेटरला. इंजिन कसं गुळगुळीत. म्हणजे कार्बोरेटर आणि स्पार्क दोन्ही ठणठणीत. मग बाटली खाली ठेवून पंपाला ओढायला लावलं. तरी ठीक. पंपही सुटला. उरली टाकीपासूनची लाइन. (बिडी ओढत बघायला आलेल्या दोघांना त्याने आधीच हाकललं होतं, हे बरं केलं.)

गाडीखालून तो रबराचा वीतभर तुकडा घेऊन आला. बोटाने दाबला तर च्युइंगगमसारखा मऊ, वाकवला तर भेगा. जोराने ओढलं की नळी आतून चिकटायची, भेगांतून हवा शिरायची. हळू चालवलं की कसंबसं भागायचं. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. ऐंशीच्या दशकातलं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. जुनी गाडी असेल तर आधी या नळ्या बदला, कार्बोरेटरच्या नादी नंतर लागा. आम्ही मागच्या वर्षी तो दोनदा साफ करून घेतला होता. फुकट.

‘साधा पाइप टाकू का इथेनॉलवाला?’ मेकॅनिकने विचारलं.

‘साधा टाक,’ बाबा म्हणाले. ‘विकायचीच आहे.’

हे म्हणताना ते ग्रीस लागलेली बोटं पुसत होते, आणि कितीतरी महिन्यांनी चेहरा खुलला होता. ऑफिस सुटल्यापासून ते इतकं कधी बोलले नव्हते.

‘इथेनॉलवालाच टाका, दादा,’ मी म्हटलं.

धुळ्यात शिरलो तेव्हा सहा वाजले होते. मोबाइलवर त्या माणसाचे तीन मिस्ड कॉल. मी फोन बाबांपुढे धरला. त्यांनी गिअर बदलला.

‘आधी शेवभाजी खाऊ,’ म्हणाले.